डावीकडची रिकामी जागा

पटो न पटो, हे माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलंय. मुरूम गावाजवळच्या माळावर, १९६१ च्या हिवाळ्यात. मामीनं तर मला देवाची शपथ घेऊन सांगितलं.

उत्तरेश्वरमामाला मोटारींच्या शर्यतीचं वेड होतं. सोलापूरची हौशी मंडळी त्या माळावर शर्यत लावणार होती. त्यांच्या गाड्या चकचकीत. मामाची ऐपत तेवढी नव्हती. त्यानं कुणाच्या तरी गोठ्यामागं गंजत पडलेली मोटार भंगाराच्या भावात आणली.

ती आधी कोण चालवायचं, कुणालाच ठाऊक नव्हतं.

मामाचा दोस्त सोमलिंग मिस्त्री. त्यानं इंजिन सुरू केलं. म्हणाला, "नवं काय घालायचं न्हाय. हाय तेच कमी करू. हलकी झाली की पळंल."

दारं काढली. टप काढला. मागची सीट, डावीकडची सीट... सगळं काढलं.

उरली फक्त चालवणाऱ्याची जागा.

पहिल्याच दिवशी माळावर सराव करताना, वळणाच्या जरासं आधी, डावीकडून आवाज आला...

"वळव."

मामानं वळवली. इतकं सुरेख वळण त्याला कधीच जमलं नव्हतं.

डावीकडं कुणी नव्हतं. नुसता पत्रा.

मामा घाबरला. पण हावही सुटली. रोज तो आवाज ऐकून गाडी हाकू लागला.

एका सकाळी मामी गाडीपाशी चहा घेऊन गेली. कडाक्याची थंडी. सगळं लोखंड गारठलेलं. तिचा हात डावीकडच्या पत्र्यावर टेकला...

पत्रा ऊबदार होता. कुणी नुकतंच उठून गेल्यासारखा.

"अवं, हिच्यात तुमच्यासंगं कोण बसतंय?"

"कुणी न्हाय."

"मग माझ्याकडं बघून सांगा की!"

मामानं बघितलं नाही.

शर्यतीच्या दुपारी माळ माणसांनी फुलला होता. निशाण पडलं. पहिलं वळण आलं...

आवाज नाही.

दुसरं आलं. तरीही नाही.

मामा पहिल्यांदाच एकटा चालवत होता. आणि सगळ्यांच्या पुढं होता!

शेवटचं वळण एका पडक्या, कोरड्या विहिरीपाशी होतं. तिथं, अगदी कानाशी...

"उतर."

मामानं करकचून ब्रेक दाबला. इंजिन बंद केलं. उतरला. बाकीच्या गाड्या धुरळा उडवत निघून गेल्या.

सोमलिंग पळत आला. "आरं, जिंकत होतास की! उतरलास कशाला?"

"त्यानं सांगितलं."

"कुणी?"

तेवढ्यात गाडी हलली.

इंजिन बंद. माळ सपाट. स्टिअरिंग आपोआप फिरलं... आणि गाडी सरळ विहिरीत गेली.

आपटल्याचा आवाजच आला नाही.

दोघांनी वाकून बघितलं. गाडी तळाला होती. चारी चाकांवर, नीट उभी.

ती वर काढायला कुणी धजलं नाही.

मामी शेवटपर्यंत म्हणायची, कुणा पुण्यवानानं यांचा जीव वाचवला. मलाही तसंच वाटायचं. एकदा मी मामाला तसं म्हणालो.



"वाचवलं न्हाय रं," मामा हळूच म्हणाला. "त्याला माझी जागा पायजे होती."