वरणातली गोळी

“दारू सोडवणारी गोळी निघालीय, तर पिणारे उरलेच कसे?”

हा प्रश्न सगळ्या नववीसमोर मात्राला विचारून दाखव, असं झीनत आणि पूर्वाने मला डिवचलं होतं. “शलाका कसली विचारतेय, पाय लटपटतील तिचे,” पूर्वा म्हणाली. पण वक्तृत्वस्पर्धेत बक्षीस मिळाल्यापासून मी कुणाला ऐकत नाही. आरोग्यकेंद्राच्या सहलीत पहिला हात माझाच वर गेला.

मात्रा म्हणजे केंद्रातली यंत्रमानव. आमच्या म्हसवडजवळच्या सौरवस्तीत २०६३ सालातही डॉक्टर आठवड्यातून दोनदाच येतात. बाकीचे दिवस सगळं मात्राच बघते.

त्या दोघींना ठाऊक नव्हतं, की उत्तर मला खरंच हवं होतं. गेले नऊ दिवस मी बाबांच्या वरणात तशाच गोळीची पूड कालवत होते. आईनेच सांगितलं होतं. बारा दिवसांपूर्वी बाबांनी “सोडली” म्हणून जाहीर केलं, पण तसं त्यांनी आधी चारदा केलं होतं. मग मामीने गोळ्या आणून दिल्या. म्हणाली, “गटारीला पिऊ दे त्यांना. अशी उलटी होईल, की परत नाव काढणार नाहीत.”

आणि गटारी आजच होती. उद्यापासून श्रावण. चार वाजता बाबांचे पिण्यातले सोबती दिगूकाका त्यांना न्यायला येणार होते. केंद्रातल्या घड्याळात सव्वातीन झाले होते.

“गोळ्या एकाच जातीच्या नसतात,” मात्रा म्हणाली. “आधी सांगा, दारू पोटात गेली की काय होतं?”

“माणूस नाचतो,” झीनत म्हणाली. सगळे हसले. मला हसू येईना.

“त्यानंतर ती यकृतात जाते. तुमच्या सौरपट्ट्यांवर दोन यंत्रं फिरतात ना? पहिलं धूळ खरवडतं, दुसरं ती उचलून नेतं. यकृतातही दोन विकरं (रासायनिक कामं भराभर उरकणारी प्रथिनं) असतात. पहिलं दारूपासून ॲसिटाल्डिहाइड (एक विषारी रसायन) बनवतं. दुसरं त्याचं लगेच साधं, निरुपद्रवी आम्ल करून टाकतं. डायसल्फिराम नावाची गोळी या दुसऱ्या विकराला अडवते.”

“मग ढीग साचेल,” मी म्हणाले.

“साचतो. तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात. रक्तदाब एकदम कोसळू शकतो. म्हणूनच ही गोळी डॉक्टर रुग्णाला सगळं सांगून, त्याच्या संमतीने देतात. आज प्यायलो तर काय होईल, हे माहीत असतं म्हणून तो पीत नाही. उलटी हा उपचार नाहीच, शलाका. ती उलटी होऊच नये, यासाठी ही गोळी असते.”

“आणि त्याला माहीतच नसेल तर?” वक्तृत्वातला माझा आवाज कुठे गेला कोण जाणे.

मात्राची मान माझ्याकडे वळली. “तर तो पिईल. आणि काहींच्या जिवावर बेततं.”

“आजची गोळी दिलीच नाही तर?”

“आधीच्या गोळ्यांचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो.”

मी पुन्हा घड्याळाकडे बघितलं. मात्रा सांगतच होती. दुसरी एक गोळी असते, नाल्ट्रेक्झोन. दारूने मेंदूत खुशीची रसायनं सुटतात. ती ज्या ग्राहींवर (रसायनं जिथे जाऊन बसतात त्या जागांवर) बसतात, त्या जागा ही गोळी आधीच अडवते, मग दारूची मजाच कमी होते. तिसरी, अकॅम्प्रोसेट, दारू सोडल्यानंतरची तगमग शांत करते.

“तुझ्या प्रश्नाचं उत्तर हेच,” मात्रा म्हणाली. “व्यसन हा मेंदूचा आजार आहे. गोळी मदत करते, पण ती माणसाने स्वतः घ्यावी लागते. आणि अशी मदत मिळते, हे कितीतरी जणांना कुणी सांगतच नाही.”

सगळे बाहेर पडले तशी मी मात्राच्या कानाशी जाऊन नऊ दिवसांचं सगळं सांगून टाकलं. ती रागावली नाही. “घरी पळ. त्यांना खरं सांग. ते आधीच प्यायले असतील तर लगेच मला कळव, रुग्णवाहिका तयार ठेवते.”

सायकल मी इतकी जोरात कधीच हाणली नव्हती. दिगूकाका चार वाजायची वाट न बघता येऊन बसले होते. ओट्यावर बाटली होती, दोन पेले भरलेले होते.

“एक घोट रे,” काका म्हणत होते. “बारा दिवस सांभाळलंस, आता गटारीला देवसुद्धा माफ करतो.”

बाबा पेल्याकडे बघत होते. त्यांचा हात अजून गुडघ्यावरच होता. आई दारात उभी होती. ती कुणाकडेच बघत नव्हती.

मी बाबांपुढचा पेला उचलून मोरीत ओतला.

“अगं ए,” काका उठले.

“काका, तुम्ही घरी जा. बाबा, नऊ दिवस तुमच्या वरणात गोळी होती. मी घातली. तुम्ही प्यायला असता तर कदाचित मेला असता.” मी आईकडे वळले. ती रडत होती. “आई, मी आता पूड करणार नाही. कुणीच करणार नाही. बाबा, तुम्ही बारा दिवस गोळीमुळे नाही, स्वतःहून दारूशिवाय राहिलात. उद्या डॉक्टर येणार आहेत. आपण तिघं जाणार आहोत. कुठली गोळी घ्यायची ते तुम्ही ठरवायचं, आणि रोज तुम्ही ती माझ्यासमोर, स्वतःच्या हाताने घ्यायची. मी ठरवलंय.”