उपासाचं बटण

"पट्टा तुटला. शिवून द्याल का... आत्ताच?"

मी मशीनवरून मान वर केली. दारात एक पोट्टा उभा. बॅग छातीशी अशी धरलेली, जशी आत मांजरीची पिल्लं आहेत.

"आत्ताच कोणाचंच नाही होत," मी म्हटलं. "बारा ब्लाउज पडून आहेत. बसा, नाहीतर उद्या या."

"बॅगेत टॅब आहे वो, संस्थेचा. टॅब पडला की माझी नोकरी पडली!"

अन् हसला. मले राग यायला पाहिजे होता. मले तर कोणी जोरात शिंकलं तरी राग येते. पण आलाच नाही... काहून?

सौंसरहून जामसांवलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर इंदूमावशीचं शिलाईचं दुकान आहे. मी दामिनी, वय एकोणीस. अकरावीत शाळा सोडली, तेव्हापासून इथंच. त्या दिवशी शनिवार होता. हनुमानजीच्या दर्शनाले जाणाऱ्या गाड्या हॉर्न वाजवून राहिल्या होत्या, अन् समोर उभ्या ट्रकमधून संत्र्यांचा वास दुकानात भरला होता.

तो स्टूलवर बसला. नाव गौतम, गाव बोरगाव. घरोघरी जाऊन टॅबवर प्रश्न विचारायचे, जेवणाचा आजार कोणाले आहे ते शोधायचं, हे त्याचं काम.

"जेवणाचा आजार मतलब? अपचन?"

"नाही वो. काही लोकांले जेवायचीच भीती वाटते. कोणी उपाशी राहते, कोणी लपून खाते. आजार डोक्यातला, पण दिसते ताटात."

माझा हात थांबला. एकच घडी. मग पट्टा सुईखाली सरकवला.

"पण टॅब पागल झाला," तो म्हणे. "रामाकोन्यात गेलो तर चाळीस बाया, अन् चाळीसही लाल, मतलब बिमार! सर म्हणते, तू घरी बसून खोटं भरून राहिला."

"गेले कोणत्या दिवशी?"

"मागच्या शनिवारी."

मी इतकी हसली की इंदूमावशी आतून डोकावली. "अन् विचारलं काय?" मी म्हटलं.

"‘तुम्ही ठरवून जेवण टाळता का?’"

"शनिवारी विचारता! अर्ध्या बाया हनुमानजीच्या उपासावर असतीन, बाकीच्या सोमवार-गुरुवार धरते. हावच म्हणतीन ना! उपासाचं अलग बटण ठेवा म्हणा तुमच्या सरले."

तो माझ्याकडे पाहतच राहिला. "आमच्या घरी कोणी उपास नाही करत. मले सुचलंच नाही... तुम्ही किती शिकल्या?"

"पट्टा झाला. निघा."

पुढच्या शनिवारी आला. हातात तीच बॅग, आता चेन खराब.

"बटण आलं!" टॅब माझ्यासमोर धरला. प्रश्नाखाली छोटं चौकोनी बटण — ‘उपास/व्रत’. "सरनं विचारलं, कोणाची आयडिया? मी म्हटलं, एक रागीट मॅडम आहे."

"रागीट कोण?"

"हे पाहा... आता दिसून राहिली."

त्याच्यानंतरच्या शनिवारी शर्टाचं बटण तुटलं. नंतर कॉलर उसवली. इंदूमावशी म्हणे, "या पोट्ट्याचं सगळं शनिवारीच कसं फाटते वो?" मी मान खाली घालून दोरा ओवला. तीन वेळा चुकला.

मले एकच किडा चावून राहिला होता. "त्या मशीनले कसं समजते, कोण बिमार?"

"समजत नाही काहीच. उत्तरांची बेरीज करते. लाल आलं तर नागपूरच्या मॅडम व्हिडिओवर बोलते, सगळं नीट विचारते, मग इलाज. दर आठवड्याले फोन. अन् मोबाईल रोज विचारते — जेवले का, जेवताना काय वाटलं."

"तुम्हाले दिसते, कोण लाल ते?"

"नाव नाही दिसत. गावाचा आकडा फक्त."

"द्या मग इकडे. पाहू तर. तुम्ही तिकडे तोंड करा."

तो खरंच रस्त्याकडे तोंड करून बसला. कान लाल झालेले. मी एकेक प्रश्न वाचला. जिथं जिथं जेवण टाळायचं विचारलं, तिथं उपासाचं बटण दाबलं.

हिरवं.

काय आलं, ते त्यानं विचारलं नाही. मीच सांगितलं, "हिरवं." बटण माझंच... अन् त्याच्यामागे लपली पण मीच.

शाळा सोडली तेव्हा काका म्हटले होते, "आता बसून खाईन पोरगी." एवढंच. मी रागानं ताट सरकवलं. मग शनिवार धरला, सोमवार धरला, गुरुवार, चतुर्थी, तेही फळ-फराळ न करता... राग कवाचाच गेला, पण ताट काही जवळ येईना. भाकर पाहिली की छाती धडधडे. घरी मात्र सगळे खूश — पोरगी किती देवाची!

गौतमनं टॅब बॅगेत ठेवला. उठला नाही.

"एक विचारू? राग येईन."

"तर नका विचारू."

"माझी माय पण शिवते." त्याची नजर माझ्या कुर्त्याच्या बाजूले. "चिरेतून आतले टाके दिसते. तीन रांगा. हा कुर्ता तीनदा बारीक केला तुम्ही... काहून?"

मी हातातला खडू फेकून मारला. त्याच्या कपाळाले लागला, निळा ठिपका उमटला.

"निघा! माझे टाके मोजाले आले का?"

तो गेला. जाताना काउंटरवर एक कागद ठेवून गेला, स्कॅन करायचा चौकोन होता त्याच्यावर.

पुढच्या शनिवारी आला नाही. मी दिवसभर ब्लाउज शिवले अन् दरवाजाकडे पाहिलं. संध्याकाळी उठली तं डोळ्यासमोर अंधार... इंदूमावशीनं धरलं म्हणून पडली नाही. "किती हलकी झाली वो तू पोरी," तिनं एवढंच म्हटलं.

रविवारी कागद काढला. स्कॅन केला. तेच प्रश्न. उपासाच्या बटणावर बोट आलं... थांबलं. तिथं कोणी पाहत नव्हतं. कोणाले राग दाखवायचा नव्हता. अन् मले खरंच जाणून घ्यायचं होतं — खरं उत्तर दिलं तर ते मशीन काय म्हणते?

ते बटण नाही दाबलं.

लाल.

बुधवारी ट्रायलच्या पडद्यामागे बसून नागपूरच्या मॅडमशी बोलली, कानात इअरफोन. मले वाटलं, डांटतीन. त्यांनी विचारलं, "कोणासोबत बसून जेवायला बरं वाटेल?" मी पडदा जरासा सरकवून रिकाम्या स्टूलकडे पाहिलं.

शनिवारी तो आला. पट्टा पुन्हा तुटलेला. चार पावलं दूरच उभा.

"खडू बाजूले ठेवा पहिले."

"लाल आलं," मी म्हटलं.

तो हलला नाही. "कोणाले सांगू नका, मले पण सांगायची गरज..."

"तुले सांगून राहिली ना मी!"

‘तुले’ कसं निघालं, मलेच समजलं नाही. तो हळूच स्टूलवर बसला. खिशातून संत्रं काढलं, सोललं, अर्धं माझ्याकडे केलं.

"आज शनिवार आहे," तो म्हणे.

"माहीत आहे."

पहिली फोड तोंडात ठेवाले लय वेळ लागला. त्यानं घाई केली नाही, माझ्या तोंडाकडे पाहिलं पण नाही. आपली फोड खाल्ली, बिया मोजत बसला. मग मी खाल्ली. आंबट होती. छाती धडधडली... पण गिळली.

मी घरून आणलेला तोच तीनदा बारीक केलेला कुर्ता उलटा करून त्याच्या मांडीवर टाकला, वर उसवायची कात्री. "मायचं पाहून शिकला असशील ना? आतली रांग उसव. एकच. बाकीच्या मग, हळूहळू."

मी त्याचा पट्टा उचलला. पाहिला. पुन्हा पाहिला.

"हा तुटला?"

"हाव."

"तुटलेल्या दोऱ्याची टोकं पिंजते, गौतम. हा सरळ आहे. ब्लेडनं कापला."

त्यानं मान खाली घातली. "मले तुले पाहायचं होतं... नुसतं कसं येऊ? मले तू आवडते, दामिनी. रागासकट."

मी पट्टा सुईखाली घेतला, अन् जिंदगीत पहिल्यांदा मुद्दाम कच्चे टाके घातले. शनिवारपर्यंत टिकतीन, बस.