दुपट्ट्याखाली जुळलेला कॉम्प्युटर

सुचिताच्या केसांत कापूस अडकला होता, आणि ते तिला सोडून अख्ख्या खामगावला दिसत होतं.

"तुमच्या... इथं..." दुकानाच्या दारातल्या पोराने स्वतःच्याच कानामागे बोट लावून दाखवलं. "कापूस लागेल आहे."

"कपाशीवाल्याच्या घरची आहो मी," सुचिता फणकारली. "कापूस नाही तर काय मोगरा लागीन?"

पोरगा गडबडला. "नाई, तसाबी बराच दिसते..." असं पुटपुटला आणि लगेच वर शटरकडे पाहू लागला, जसं काही ते शटरच बोललं.

सुचिताने मान वळवली. हसू आलेलं दिसू नये म्हणून. कापूस मात्र तिने काढला नाही.

खरं तर ती या दुकानात आलीच नव्हती. वडिलांना, म्हणजे पिंपळगाव राजाच्या नारायणरावांना, घेऊन ती आली होती शेजारच्या काचेच्या मोठ्या दुकानात, तयार गेमिंग कॉम्प्युटर घ्यायला. पण मोठं दुकान जेवायला गेलेलं. म्हणून बापलेक शेजारच्या पायरीवर टेकले होते. पायरीमागचं दुकान एवढं चिंचोळं, की गिऱ्हाईक आत आलं की मालकाला बाहेर यावं लागे, आणि दोघांना आत राहायचं तर एकाने श्वास घ्यायचा, दुसऱ्याने सोडायचा. त्या दुकानाचा मालक हा हर्षल.

सुचिता गावातल्या लग्नांचे, हळदीचे, बारशांचे व्हिडिओ जुळवून द्यायची. दिवसा हे काम आणि संध्याकाळी मोबाइलवर गाड्यांची शर्यत. तो मोबाइल इतका तापायचा, की आई अन्नपूर्णाबाईंनी एकदा त्याच्यावर पापड भाजला म्हणतात. खारा लागला, एवढंच. तर आता पैसे सुचिताच्या कमाईचे होते, आणि मत नारायणरावांचं होतं. मत त्यांच्याकडे नेहमीच शिल्लक असे.

"तयार ते तयार," नारायणराव पायरीवरून म्हणाले. "वासरू घेऊन बैल होयाची वाट कोण पाह्यते? तयार जोडी आणावं, अन् औताले जुंपून द्यावं."

"काकाजी, बैल घेतानी दात पाह्यता का नाही?" हर्षलने आतून विचारलं.

"पाह्यतो तर! जबड्यात हात घालतो."

"मंग तयार डब्याचं तोंड शिवेल असते. दात पाह्यले का गॅरंटी खतम. आत म्हातारा बैल निघाला तर?"

नारायणराव पायरीवरून उठून काउंटरशी आले. चाळीस बाजार पालथे घातलेल्या माणसाला बैलाच्या भाषेत कोणी हरवलं नव्हतं. सुचिताने पहिल्यांदा त्या पोराकडे नीट पाहिलं. डोळे साधेच होते, पण बोलताना ते आधी हसायचे आणि ओठ मागून यायचे.

"मंग काय करावं म्हणता तुमी?" तिने विचारलं.

"तुमाले काय लागते ते सांगा. एकेक वस्तू आपण निवडू. अन् तुमच्या डोयापुढं जुळवू."

"तुमी म्हणजे... तुमी का मी?"

"आपण," हर्षल म्हणाला. तो शब्द त्याच्या तोंडून जरा जास्तच लांब निघाला.

नारायणरावांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून काउंटरवर पसरला. "हात घाल आत."

गुरांच्या बाजारात सौदा असाच होतो. दुपट्ट्याखाली दोघांचे हात, बोटांच्या दाबाने भाव बोलायचा, बाहेरच्याला पत्ता नाही. पण हर्षलने आयुष्यात शेळीसुद्धा विकत घेतली नव्हती. काकाजी हात पाहून भविष्य सांगतात असं त्याला वाटलं. त्याने हात आत घातला आणि नारायणरावांनी जे जे दाबलं त्याला घाबरून म्हणत गेला, "हाव... हाव... हाव काकाजी."

दुपट्टा उचलला गेला. "झाला सौदा!" नारायणराव खूश. "जुळवायची मजुरी नाही. अन् बिघडला तर घरी येऊन त्याच दिवशी सुदरवून देशीन."

"हे मी कवा म्हटलं?"

"मधल्या बोटानं."

सुचिता इतकी हसली, की केसांतला कापूस सुटून हर्षलच्या काउंटरवर पडला. त्याने तो उचलून फेकला नाही. हळूच गल्ल्यात ठेवला. तिने ते पाहिलं. आणि न पाहिल्यासारखं केलं.

"पण आयक बे पोट्ट्या," जाताना नारायणराव वळले. "घरी बंद पडला अन् त्या दिवशी सुदरला नाही, तर दुसऱ्या दिवशी मी तयार डबा आणीन. अन् मंग पोरीच्या खामगावच्या चकरा बंद."

तेव्हा सुचिताला त्या अटीचं काही वाटलं नाही. चकरा अजून सुरू कुठे झाल्या होत्या...

झाल्या. आणि अशा झाल्या, की पिंपळगाव राजाच्या एसटीचा कंडक्टर तिला पाहून न विचारता खामगावचं तिकीट फाडू लागला. एका बुधवारी कॅबिनेट आलं. पुढच्या वेळी मदरबोर्ड. "रॅम नाही आली अजून," हर्षल म्हणायचा. "गाडी नागपुरात अडकेल आहे." मग रॅम आली, तर पॉवर सप्लाय अडकला. त्या गाडीचा ड्रायव्हर नागपुरात घर बांधून राहिला असावा.

दुसऱ्याच चकरेला सुचिताला वरच्या फळीवर, कॅलेंडरच्या मागे, सगळी खोकी दिसली होती. सगळी एकदमच आलेली. ती काही बोलली नाही. उलट परत जाताना दारात थांबून मोठ्या काळजीने म्हणाली, "त्या गाडीले घाई नका करू बरं. रस्ते लय खराब आहेत."

प्रोसेसर तापू नये म्हणून त्यावर पांढरा लेप लावायची वेळ आली, तेव्हा ती वाकून पाहत होती. "अय्या, हा तर चुना!"

"चुनाच समजा. पण काकाजीले सांगू नका, नाही तर पानाले लावतीन."

"वाटाण्याएवढाच? थोडा अजून लावा न."

"जास्त लावला का तापते." हर्षलने वर पाहिलं. "काही गोष्टी... थोड्याच बऱ्या."

"मंग गाडी काऊन अडकवता इतकी?" असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

त्याच दिवशी त्याने विचारलं, "ते दुपट्ट्याखालचं शिकवता का मले? काकाजीनं पार लुटलं."

सुचिताने इकडे तिकडे पाहिलं. ओढणी काढून काउंटरवर पसरली आणि तिच्याखाली हात घातला. त्याचाही आला. थंडगार होता, स्क्रूड्रायव्हर धरून धरून. तिने एक बोट दाबलं. "हे एक." दोन दाबली. "हे दोन." मग अख्खा पंजा मुठीत घेतला आणि...

"हे?"

"पाच," ती म्हणाली.

"अन् नाही म्हणायचं असलं तर?"

"हात काढून घ्यायचा."

दोघांनीही काढला नाही. बाहेर कापसाच्या गाड्या जात होत्या. पांढरे तंतू उन्हात तरंगत दुकानात येत होते, तिच्या बाहीवर, त्याच्या भुवईवर उतरत होते. मग सुचिताने ओढणीखाली त्याची करंगळी चिमटीत धरली आणि दोनदा हलकेच दाबली.

"हे काय?"

"हे... हे आमच्या घरचं आहे. बाजारात कोणी नाही करत."

"म्हणजे काय होते त्याचं?"

"सांगीन मंग कवा." तिने झटकन ओढणी ओढली. "एसटी जाते माही."

एसटीला अजून बराच वेळ होता.

शेवटी ती नागपूरची गाडी पोचली. पोचवावीच लागली, कारण नारायणराव विचारू लागले होते, की जुळवतो आहे की पेरून उगवायची वाट पाहतो आहे. कॉम्प्युटर पिंपळगाव राजाला आला. सुचिताने तो पुढच्या खोलीत मांडला, कारण तिथेच टेबल मावत होतं. आणि त्याच खोलीत होता कापूस. भाव वाढतील म्हणून नारायणरावांनी तो छतापर्यंत भरला होता. त्यांची मांजर मार्गशीर्षात त्या ढिगात शिरली, ती माघात पिल्लं घेऊनच बाहेर आली. खोटं वाटत असेल तर मांजरीला विचारा.

पहिले दिवस काय थाटाचे! शर्यतीतली गाडी अशी पळे, की अन्नपूर्णाबाई वळणावर पदर सावरून धरायच्या. एका संध्याकाळी नारायणरावांनी शेजारच्या भगवंतरावांना मुद्दाम बोलावलं. "पाह्य आमच्या पोरीचा डबा!" गाडी पळाली, घाट आला, आणि... फट्. पडदा काळा.

"बंद पडला वाटते," भगवंतराव गोड आवाजात म्हणाले आणि चहा घेऊन गेले.

नारायणरावांनी रिकामी कपबशी उचलून मोरीत ठेवली, जरा जोरातच. त्यांचं न बोलणं फार मोठ्याने ऐकू येई. "सकाळी बोलाव त्या पोट्ट्याले," शेवटी म्हणाले. "उद्या सुदरला तर सुदरला. नाही तर परवा तयार डबा. अन् बाकीचं तुले ठाऊक आहे."

ठाऊक होतं. जेवण गेलं नाही तिला. पहाटे उठून तिने कॅबिनेटची बाजू उघडली, हर्षलने शिकवलं होतं तशी. आत पाहते तर काय! पंख्यांनी इतके दिवस कापूस ओढून ओढून आत एक गुबगुबीत उशी करून ठेवलेली. नवी नवरी रुसून बसते तसं ते मशीन गादीत तोंड खुपसून बसलं होतं. तिने कापूस काढला. ब्रशने पंखे झाडले. मग स्वयंपाकघरात गेली, पिठाची चाळणी घेतली, तिची बारीक जाळी कात्रीने कापली आणि पंख्यांपुढे नीट चिकटवली. बटण दाबलं. सुरू! गाडी घाट चढली, उतरली, घाम न येता.

आता दुरुस्ती झाली होती. फोन करायची काही गरज नव्हती.

तिने कॉम्प्युटर बंद केला आणि फोन केला. "हॅलो... बंद पडला हो. काहीच चालून नाही राह्यलं."

हर्षल मोटरसायकलवर असा आला, की वाटेतल्या बाभळी अजून त्याच दिशेला वाकलेल्या आहेत. घामाने भिजलेला, डोळे भेदरलेले. नारायणराव ओसरीवर, अन्नपूर्णाबाई चुलीशी. त्याने कॅबिनेट उघडलं आणि थांबला. जाळी पाहिली. झाडलेले पंखे पाहिले. मग हळूच सुचिताकडे पाहिलं. ती अगदी निरागस चेहऱ्याने छताकडे पाहत होती.

"लय... मोठा बिघाड आहे," हर्षल गंभीरपणे म्हणाला. "दुपार तरी होईन."

"चहा ठेवते," सुचिता म्हणाली.

दुपार झाली असतीही. पण तेवढ्यात आतून अन्नपूर्णाबाईंची हाक आली, "सुचे, माही चाळणी कोणं फाडली वं? नुसतं कडं उरलं!" आणि त्या कडं हातात घेऊन पुढच्या खोलीत आल्या. त्यांची नजर पंख्यांवरच्या जाळीवर गेली. नारायणरावांची त्यांच्या नजरेमागून गेली.

खोलीत फक्त मांजरीची पिल्लं हलत होती.

"म्हणजे हा सकाळीच सुदरला होता?" नारायणराव म्हणाले.

"हाव बाबा."

"मंग याले काऊन बोलावलं?"

सुचिताचे कान लाल झाले. हर्षल पुढे झाला. "काकाजी, तिचं एकटीचं नाही. सामान पहिल्याच बुधवारी एकदम आलं होतं. मीच एकेक देत होतो. गाडी कुठंच अडकेल नोहती."

"ते मले दुसऱ्या चकरेलेच दिसलं होतं," सुचिता म्हणाली.

"दिसलं होतं?"

"कॅलेंडरच्या मागं काय लपते का कुठं!"

नारायणरावांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, गोठ्यात नवी जोडी पाहावी तसं. मग खांद्यावरचा दुपट्टा काढला. "हात घाल."

हर्षलने घातला. दुपट्ट्याखाली काय काय विचारलं गेलं ते दोघांनाच ठाऊक. पण या वेळी पोरगा हाव-हाव करत नव्हता. विचार करून बोट दाबत होता. नारायणरावांच्या मिशीचा एक कोपरा वर चढू लागला. शेवटी सौदा आटोपताना, आदराने निरोप घ्यायची ही घरची रीत असावी असं समजून, हर्षलने त्यांची करंगळी चिमटीत धरली आणि दोनदा दाबली.

नारायणराव थिजले. दुपट्टा खाली सरकला.

"हे तुले कोणं शिकवलं बे?"

हर्षलने भाबडेपणाने सुचिताकडे बोट केलं. "दुकानात. लय दिवस झाले. काऊन, चुकलं का काही?"

"माह्या बापाची खूण आहे ती." नारायणराव लेकीकडे पाहत होते, आवाज खाली आला होता. "बाजारात शंभर सौदे केले, पण ही खूण दोन-चारदाच देली असंन. म्हणजे, भाव मान्य, माल मान्य... अन् आता काही झालं तरी मी मागं फिरत नाही."

हर्षलने सुचिताकडे पाहिलं. लय दिवस झाले... म्हणजे चुना लावला त्या दिवशीच? सुचिता पंख्याच्या जाळीत तोंड घालून कापूस शोधत होती. तिथे एक तंतूही नव्हता.

"येत्या रविवारी तुह्या मायबापाले घेऊन येजो," नारायणराव दुपट्टा झटकून खांद्यावर टाकत म्हणाले. "हा सौदा मोठ्या माणसाइचा आहे. अन् तयार डबा नको आता. पोरीनं आपल्या हातानं जुळवला, दात पाहून जुळवला."

"अन् येतानी चाळणी आणजो!" अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "मी पीठ काय तुमच्या पंख्यात चाळू?"

रविवारी हर्षल आईवडिलांना घेऊन आला, हातात नवी कोरी चाळणी. दारात सुचिता उभी होती, केसांत कापूस. या वेळी त्याने सांगितलं नाही. चाळणी पुढे केली. तिने घ्यायला हात लावला, आणि त्या चाळणीखाली, कोणाला दिसणार नाही असं, त्याने तिची करंगळी चिमटीत धरली.

दोनदा. आता अर्थ कळून.