दोरीचं मागचं टोक

साक्षी, गच्चीवरचा तो दिवा मालव आधी. डोळ्यांवर येतोय. हं. आता सगळे जवळ सरका आणि मध्ये कुणी मोबाईल काढायचा नाही. मी सांगणार आहे ते कुठल्या चॅनेलवर ऐकलेलं नाही. आपल्या कॉलनीतला सावळीराम, अंबडला माझ्याच कंपनीत बत्तीस वर्षं इलेक्ट्रिशियन होता तो, त्याच्यावर गुदरलेला प्रसंग आहे. तारीखसुद्धा सांगतो. बारा डिसेंबर दोन हजार तेवीस, मंगळवार. अमावस्या होती. हसू नकोस संघर्ष, उद्या कॅलेंडर काढून बघ.

सावळीराम भूतखेत मानणारा माणूस नव्हे. विहारात लहान पोरांना तोच सांगायचा, अंधारात फक्त अंधार असतो म्हणून. पण स्वस्थ बसणं त्याला कधी जमलं नाही. रिटायर झाल्यावर चांगला चालता पंखा उतरवायचा, पुसायचा, पुन्हा लावायचा. सुलावहिनी वैतागल्या. मग तो सोलरची कामं घ्यायला लागला, आणि घरात शांतता झाली.

त्या मंगळवारी त्याला पेठच्या पुढून फोन आला. तिकडे डोंगरावर, डांबरी रस्ता सोडून आठ-नऊ किलोमीटर आत, एक नवीन रिसॉर्ट झालंय. सहा मातीच्या खोल्या. बाहेरून आदिवासी घरासारख्या, आत गेलं की पांढऱ्याशुभ्र चादरी आणि दरीकडे तोंड केलेलं तांब्याचं घंगाळ, माणूस आडवा मावेल एवढं. टीव्ही नाही, घड्याळ नाही. आल्या आल्या पाहुण्यांचे फोन एका लाकडी पेटीत ठेवतात. लोक मुंबई-पुण्याहून मुद्दाम येतात, काहीच न करायला. तिथला इन्व्हर्टर बंद पडला होता. सावळीराम स्कूटरवर हत्यारांची पिशवी अडकवून सावळघाट चढून गेला.

काम संपायला दिवस मावळला. जागा सांभाळणारी मुलगी योगिनी, आपल्या नाशिकचीच, तिशीची असेल. ती म्हणाली, "काका, आता घाट उतरू नका. थंडी मरणाची आहे. जेवा, झोपा, सकाळी जा."

स्वयंपाकघरात धोंडाबाई नागलीच्या भाकरी थापत होती. शेजारच्या पाड्यावरची बाई. सावळीराम चुलीपाशी जेवायला बसला, तेवढ्यात योगिनी पुन्हा आली, जरा अवघडून.

"काका, एक विनंती होती. अमावस्येला आम्ही पाहुण्यांना कड्यावर नेतो, तारे बघायला. मौन चाल म्हणतो आम्ही. बोलायचं नाही, दिवा नाही. सगळ्यांनी एक दोरी धरून चालायचं. शेवटी नेहमी आमचा नाथा असतो, पण आज तो आलाच नाही. तुम्ही याल का? नुसतं मागे चालायचंय."

रिकामं पडून राहण्यापेक्षा बरंच, असा सावळीरामने विचार केला. "येतो की. त्यात काय?"

योगिनी गेल्यावर धोंडाबाईचा भाकरी फिरवणारा हात थांबला. "दादा, जायचं त जा. पर मधी चाला. शेवटाला नका ऱ्हाऊ."

"का गं बाई?"

"आमच्यात शेवटाला कोनी मोकळा चालत नाय. करडूसुदा मधी घेतात."

"वाघ आहे का इकडे?"

तव्यावरची भाकरी करपली, तेव्हा भानावर आली.

दहा वाजता सगळे निघाले. योगिनी पुढे, तिच्याकडे लाल काच लावलेली छोटी बॅटरी, तीही बंद. मागे सहा पाहुणे. दोरीला हातभर अंतराने गाठी मारलेल्या, प्रत्येकाने एक गाठ धरायची. सहाव्या गाठीवर हर्षाली नावाची बाई होती. ठाण्याची, पस्तिशीची, एकटीच आलेली. जेवताना ती सांगत होती की चार महिने तिला धड झोप नाही, म्हणून डॉक्टरांनीच कुठेतरी शांत जागी जा असं सुचवलं. तिच्या मागे सावळीराम. आणि त्याच्या हातातल्या गाठीनंतर दोरीचं वावभर, दोन हात पसरल्याएवढं टोक उरलेलं, ते जमिनीवरून ओढत यायचं. वाळक्या गवतातून सर्र... सर्र...

जाताना काही झालं नाही. वाट चांगली होती. कड्यावर सगळे बसले. सावळीराम मला म्हणाला, "इतके तारे मी जन्मात पाहिले नव्हते." पण त्याचं मन रमेना. त्याच्या शेजारचा एक पाहुणा सारखा खिसा चाचपत होता, नसलेल्या फोनसाठी. हर्षाली हाताची बोटं मोडत होती. वीस मिनिटं शांत बसायला आलेली माणसं, आणि एकालाही चैन नव्हतं. सावळीरामला वाटलं, कधी एकदा उठतोय.

योगिनीने दोरीला हिसका दिला. म्हणजे उठा. सगळे उठले, आपापली गाठ धरली आणि परत निघाले, त्याच क्रमाने. सावळीराम शेवटी.

अर्धी वाट झाली असेल. करवंदीच्या जाळ्या दोन्ही बाजूंनी जवळ आल्या. सावळीरामला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. काय ते कळेना. कंपनीत कसं, मशीनचा आवाज बदलला की आपल्याला झोपेतही कळायचं, तसं. त्याने कान दिला. पुढच्यांची पावलं होती. लांब कुठेतरी टिटवी होती.

मागचं सर्र-सर्र नव्हतं.

दोरी घासत नव्हती.

त्याला वाटलं, टोक जाळीत अडकलं. पण अडकलं असतं तर ओढ लागली असती. ओढ नव्हती. दोरी त्याच्याबरोबर येत होती. नुसती जमिनीला टेकत नव्हती. कुणीतरी उचलून धरल्यासारखी.

त्याने हलकेच दोरी ओढून बघितली.

मागून... तितक्याच हलक्या हाताने... कुणीतरी ओढली.

बोलायचं नाही असं ठरलेलं. मागे वळून बघावंसं वाटलं. मान वळेना. तो मनाशी म्हणाला, पुढे बघ सावळ्या. पुढे माणसं आहेत. आधारासाठी म्हणून त्याने हात पुढे नेला, हर्षालीच्या गाठीपर्यंत.

गाठ मोकळी होती.

त्याने पुढे हात फिरवला. हवा. फक्त हवा. दोरी पुढच्यांच्या ओढीने ताणलेली, आणि त्या गाठीवर कुणीच नाही.

"थांबा!" तो ओरडला. "योगिनीताई, एक माणूस कमी आहे! बसा सगळे, जागेवर बसा!"

पुढे गडबड झाली. घाबरून सगळ्यांनी दोरी सोडली. लाल उजेडाचा ठिपका हलायला लागला. आणि त्याच क्षणी सावळीरामच्या मुठीतली दोरी मागे खेचली गेली. कड्याच्या दिशेने. आता हलकेच नाही. जोरात.

सनी, तू असतास तर काय केलं असतंस? सोडली असतीस. कुणीही सोडली असती. त्याने सोडली नाही. मी विचारलं त्याला, का रे बाबा? तो म्हणाला, "ती बाई पुढे नव्हती, म्हणजे मागेच होती. आणि दोरी मागे जात होती. दुसरं काही सुचलंच नाही."

तो धावला. अंधारात, दोरीच्या मागे. करवंदीचे काटे तोंडावर ओरबाडत होते. एकदा पडला. दोरी थांबली. तो उठेपर्यंत थांबली. मग पुन्हा निघाली.

जाळी संपली. वारा अंगावर आला. कडा.

ताऱ्यांच्या उजेडात हर्षाली दिसली. कड्याच्या टोकापासून दोन पावलांवर. उजवा हात पुढे केलेला, मूठ आवळलेली, जणू समोरची गाठ धरली आहे. आणि ती चालत होती. सावकाश. मौन चालीच्या चालीने.

दोन पावलं.

एक.

सावळीरामने झेप घेतली. उजव्या हाताने तिचा दंड पकडला आणि मागे ओढलं. दोरी सुटली, दोघं गवतात आदळले. हर्षाली एकदम किंचाळली आणि त्याला बिलगली.

"पुढे दोरी होती हो काका... मी धरूनच चालत होते... पुढे सगळे होते..."

"काही नाही ताई. काही नाही. मी धरलंय तुम्हाला."

त्याने डाव्या हातातला तिचा हात घट्ट दाबला. बर्फासारखा गार पडला होता. किती लहानसा हात, त्याच्या मनात आलं.

मग त्याला जाणवलं.

हर्षालीचे दोन्ही हात त्याच्या उजव्या दंडाला होते.

दोन्ही.

तो हलला नाही. बघितलं नाही. तारे बघत पडून राहिला. डाव्या मुठीतला तो हात... तसाच होता. शांत. एखादं लेकरू गर्दीत मोठ्या माणसाचा हात धरून उभं राहतं ना... तसा.

किती वेळ गेला त्याला सांगता येत नाही. लांबून "काका! काका!" अशी योगिनीची हाक आली. लाल दिवा जाळीतून बाहेर आला.

डावी मूठ रिकामी झाली.

त्या रात्री कुणी झोपलं नाही. सगळे चुलीभोवती बसले. योगिनी पुन्हा पुन्हा म्हणत होती, "दमलेल्या होत्या त्या, चालता चालता डोळा लागला असणार." पाहुण्यांनी माना हलवल्या. हर्षालीने भिंतीशी पाठ टेकवून उजेडाची वाट बघितली. फोनची पेटी कुणीतरी न विचारताच उघडली होती, आणि प्रत्येकाच्या हातात दिवा पेटलेला होता.

उजाडता उजाडता नाथा आला. धोंडाबाईने त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तो थेट सावळीरामपाशी आला आणि एकच विचारलं, "टोक मोकळं व्हतं का?"

"कसलं?"

"दोरीचं. मागलं टोक मी कमरेला गुंडाळतो. मोकळं नाय सोडायचं." त्याने हाताने कमरेभोवती वेढा दाखवला. "मोकळं दिसलं का तिला वाटतं, तिच्यासाठीच सोडलंय."

"कुणाला?"

नाथाने कड्याच्या दिशेला मान वळवली. "ती वाईट नाय, दादा. दुसरं जे हाय कड्यावर, पुढून ओढनारं... ती त्यातली नाय."

सावळीरामने पुढे विचारलं नाही. त्याला तिथून निघायचं होतं. तो नळावर तोंड धुवायला गेला. थंडीमुळे शर्टावर स्वेटर, वर जाकीट. पाणी घ्यायला त्याने बाह्या वर सारल्या.

आणि नाथाच्या हातातला पितळी तांब्या खाली पडला.

सावळीरामच्या डाव्या मनगटात काचेची बांगडी होती. हिरवी, बारीक. मनगटाला अगदी चिकटून बसलेली. अखंड. ओरखडासुद्धा नाही.

घरी आल्यावर सुलावहिनींनी साबण लावला. खोबरेल लावलं. बांगडी अंगठ्याच्या हाडापर्यंत यायची आणि अडायची. शेवटी त्याला भद्रकालीतल्या एका कासाराकडे नेलं, चाळीस वर्षं बांगड्या भरणारा माणूस. त्याने चष्मा लावून बघितली, हात उलटापालटा केला, बोटं दाबून बघितली.

"आठ-नऊ वर्षांच्या पोरीची आहे ही," तो म्हणाला. "फोडल्याशिवाय निघायची नाही." हातोडी उचलली आणि तशीच खाली ठेवली. "पण मला एक सांगा दादा. न फोडता ही चढवली कुणी?"

सावळीरामने हात मागे घेतला. "राहू द्या," म्हणाला. "लेकराची आहे."

...

काय रे सनी? फोडली का नंतर, म्हणतोस?

तूच आठवून बघ. रोज सकाळी बघतोस ना त्याला, फुलांना पाणी घालताना. एप्रिल असो, मे असो... सावळीरामचा डावा हात कोपरापर्यंत उघडा... पाहिलायस कधी?