बाबांचा खोकला

"जरा स्टूल धरता का?" हे त्याचं मला पहिलं वाक्य.

वॉर्डबाहेरचा स्पीकर दुरुस्त करायला तो वर चढला होता आणि मी आईचा रिपोर्ट घेऊन निघाले होते. मी स्टूल धरलं.

"घट्ट धरा हं... माझं लग्न व्हायचंय अजून."

"मग खाली बघू नका," मी म्हटलं. त्याने नेमकं बघितलं.

आईची वाचा अर्धांगाच्या झटक्याने गेली होती. आता हृदयही थकलं होतं, डॉक्टरांनी हात टेकले होते. ती कोणाकडेच बघत नव्हती, माझ्याकडेही नाही. माझ्या लहानपणी तिने माझ्यासाठी स्वतः रचलेलं एक गाणं होतं. बाबा होते तेव्हा त्यांनी ते कॅसेटवर घेतलेलं. ते ऐकून तरी ती माझ्याकडे बघेल, एवढीच माझी आशा होती. पण ओल लागून कॅसेट चिकटली होती. तो फावल्या वेळात जुन्या टेपा दुरुस्त करतो म्हणाला, आणि मी कॅसेट त्याच्या हातात ठेवली.

मग संध्याकाळी मी त्याच्या खोलीवर जाऊ लागले. बाहेर पावसाची रिपरिप, आत तारांचा गुंता, आणि तो चिमट्याने टेपेची गुंडाळी सोडवत बसलेला. चारचौघांत ऐकू शकत नाही असं गाणं प्रत्येकाचं असतं, असं त्याचं म्हणणं होतं. त्याचा मोठा भाऊ बुटाची नाडी बांधताना एक धून शिटीवर वाजवायचा. भाऊ गेला. आता रस्त्यात कोणी शिटी वाजवली तरी तो हेडफोन कानावर ओढतो. हे सांगताना त्याने माझ्याकडे बघायचं टाळलं... आणि मला तो फार आवडला.

गाणं तयार झालं. आईच्या उशाशी मी ते मोबाइलवर लावलं. आवाज लख्ख, जणू ती शेजारी बसून गातेय. आईने डोळे उघडले. दुसऱ्या कडव्याशी तिने मान उचलली, कशाची तरी वाट बघितली. गाणं पुढे गेलं. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

मला तेव्हा कळलं. त्या ओळीवर आईचा सूर दर वेळी घसरायचा आणि बाबा मुद्दाम खोकायचे. ती हसायची, पुढे गायची. आमच्या घरात ते गाणं खोकल्याशिवाय कधी झालंच नव्हतं.

त्याने सवयीप्रमाणे गाणं यंत्रातून गाळूनच उतरवलं होतं. खरखर गेली, भांड्यांचा आवाज गेला, खोकलाही गेला. आणि उतरवून घेताना, वाजता वाजताच मूळ टेपेचा लेप सुटून चुरा झाला होता; खोकला आता कुठेच उरला नव्हता.

"तो खोकला म्हणजे माझे बाबा होते," मी म्हटलं. मी खूप बोलले त्याला, जिन्यातच. त्याने एकदाही सबब सांगितली नाही. शेवटी म्हणाला, "तुम्हाला आठवतो ना? मला शिकवा."

"काय?"

"खोकला."

रागात असूनही मी शिकवला. आधी घसा साफ केल्यासारखा, मग थोडा खोटा, चिडवणारा... हॉस्पिटलच्या जिन्यात दोन शहाणी माणसं खोकत होती. एक नर्स येऊन खोकल्याचं औषध हवंय का, विचारून गेली. आम्हाला हसू आवरेना, आणि हसता हसता मी त्याच्या खांद्यावर रडले.

दुसऱ्या दिवशी तो आईच्या पलंगामागे उभा राहिला. मी गाणं लावलं, ती ओळ आली. तो खोकला.

आई फसली नाही. तिने वळून त्याला नीट न्याहाळलं, मग कितीतरी दिवसांनी माझ्याकडे बघितलं. तोंडाची एकच बाजू हलली, पण ती हसली. त्याच संध्याकाळी ती गेली.

भेटायला येणाऱ्यांनी घर भरलं. तो दाराजवळ सतरंजीच्या टोकाला बसला होता. मावशीने विचारलं, "हे कोण गं?"

तो अर्धवट उठला. "मी... स्पीकर दुरुस्त करायला..."

"माझे आहेत," मी म्हटलं. "बाबांचा उरलेला आवाज यांच्या हातून पुसला गेला, मावशी. माझा राग अजून गेलेला नाही, कदाचित जाणारही नाही. पण हे माझे आहेत."

त्याने मान खाली घातली. मी उठले आणि सगळ्यांदेखत त्याच्या शेजारी जाऊन बसले.