गुणगुणणारा कंदील

“अरे हळू! फडकं फाटलं तर सगळे उडतील!” शायना कुजबुजली.

सुमितने आकाशकंदील कडुलिंबाच्या फांदीला अडकवला. त्याच्या कामट्यांवर कागद नव्हता, शायनाची विरविरीत ओढणी शिवली होती. आणि आत दिव्याऐवजी होते डास! दुपारभर खपून गल्लीतल्या हुसेनबी दादीच्या मोरीतून पकडलेले.

“बिनदिव्याचा कंदील म्हंजी भुताचा कंदील!” सुमित म्हणाला.

“मग तू कशाला घाबरतोस? तुझ्याच घरचा पाहुणा!” करुणाने टोला दिला.

शायना हसली नाही. दिवाळीची सुट्टी लागल्यापासून दौंडच्या त्यांच्या गल्लीत धुराची फवारणी चालू होती, तरी ताप घरोघर फिरतच होता. काल तिचा धाकटा भाऊ अजीम डेंगीने दवाखान्यात गेला. धुराने डास मरतच नसतील तर? तेच आज पाहायचं होतं.

दिवेलागण झाली. लांबून मशीन धडधडलं. शेजारच्या सोजराबाईंनी तुळशीपुढचा दिवा लगबगीने आत नेला. पटापट दारं लागली. पांढरा धूर गल्लीत शिरला. आधी विजेचा खांब गेला, मग घरं गेली, मग कडुलिंब.

“धूर आला! धूर आला!” पोरं दिसत नव्हती, नुसते त्यांचे आवाज पळत होते.

धुरातून एक आकृती निघाली. तोंडाला फडकं, डोळ्यांवर काळा चष्मा. कंदिलाखाली ती क्षणभर थांबली, तिने मान वर केली आणि ती धुरात विरून गेली.

धूर निवळताच तिघं झाडाखाली आली. कान वर लावले.

गुंऽऽ...

शायनाच्या अंगावर सर्रकन काटा आला. “जिवंत आहेत! सगळेच्या सगळे!”

“चला त्या माणसामागे!” करुणा म्हणाली.

चौकात हातगाडीपाशी तो माणूस तोंडावरचं फडकं सोडत होता. ते तर नगरपालिकेचे हौशीराममामा! गाडीवर डिझेलचा डबा होता, आणि औषधाची बाटली. तिचं सील जसंच्या तसं!

“मामा, तुम्ही औषध घातलंच नाही!” सुमित ओरडला.

हौशीरामांनी बाटली हातात घेतली. “गेल्या साली एक पोरगं धुरामागं पळता पळता गपकन पडलं. देवाच्या दयेनं वाचलं. पर तवापासनं औषध घालाया हात धजत न्हाई. किती हाकला, तुम्ही मागं येताच! म्हनून नुसत्या डिझेलचा धूर सोडतो.”

“आणि माझा अजीम?”

विचारता विचारताच शायनाला आठवलं. मागच्या खेपेला अजीमचा हात धरून सगळ्यांच्या पुढे तीच तर पळत होती!

“मामा,” ती हळूच म्हणाली, “उद्या औषध घाला. एकही पोर गल्लीत दिसणार नाही. हा आमचा शब्द!”

हौशीरामांनी स्वतःच फवारणीवर देखरेख ठेवणाऱ्या मुकादम जयसिंगांना सगळं सांगितलं आणि बोलणी खाल्ली. दुसऱ्या दिवशी तिघं घरोघर फिरली. “अन्न झाका, दारं उघडी टाका आन् मारुतीच्या पारावर चला!”

“धूर येताना दारं उघडी?” सोजराबाई चकित झाल्या.

“आजी, दिवेलागणीला लक्ष्मीसाठी उघडताच ना? आज औषधासाठी उघडा. डास घरातच दडलेत!” करुणा म्हणाली.

संध्याकाळी रिकाम्या गल्लीत धूर शिरला. आज एकही आरोळी नव्हती. मुक्या पाहुण्यासारखा तो उघड्या दारांतून एकेका घरात जात होता. पारावर लहानग्यांनी एकमेकांचे हात घट्ट धरले. सोजराबाई डोळे मिटून पुटपुटत होत्या.

बऱ्याच वेळाने तिघं कंदिलापाशी गेली. कान लावले.

काहीच नाही!

“गप्प झाला! कंदील गप्प झाला!”

जयसिंग मुकादमांनी ओढणीतून वाकून पाहिलं. तळाशी डास मरून पडले होते. “शाबास रे पोरांनो! जे बघायचं काम माझं, ते तुम्ही केलंत.”

अजीम घरी आला त्या संध्याकाळी कंदील झटकून, धुऊन पुसून सोजराबाईंनी आपल्या हाताने त्यात दिवा ठेवला. हुसेनबी दादीने तिघांच्या डोक्यावरून हात फिरवले. “लेकरांनो, तुमच्यामुळं गल्ली वाचली.”

लांबून मशीन धडधडलं. अशक्त अजीमचे डोळे चमकले. “आपा, धूर! चल, पळू!”

“नाहीऽऽ!” गल्लीतली सगळी पोरं एका दमात ओरडली आणि पाराकडे निघाली.

कोपऱ्यावर हौशीराममामांनी फडक्याआडून हसत मशीन बंद केलं. शेवटचं पोर पारावर चढेपर्यंत ते तसेच थांबले.