एका गजात अकरा सेकंद

खोलीत एक मरिंबा होता. त्याला लाकडी पट्ट्या एकसष्ट, खाली तितक्याच नळ्या, टोकांना सूत गुंडाळलेल्या काठ्या चार. खुर्च्या दोन. काकांचा चेलो नव्हता; काका गेल्यावर काकूने तो संगीतशाळेला देऊन टाकला होता. त्याच्या तारांवर फिरवायचा गजही नव्हता. तो काकांबरोबरच अग्नीला दिला होता.

पुतणी भौतिकशास्त्र शिकलेली. मोजल्याशिवाय तिला चैन पडत नसे. काका तिला 'काटेतोल' म्हणत. त्यांनी चेलोसाठी बांधलेली रचना ती महिनाभर मरिंब्यावर उतरवत होती, कारण सोमवारी काकूच्या कानाचं ऑपरेशन होतं, आणि त्यानंतर ऐकू येईलच असं डॉक्टर छातीठोकपणे सांगत नव्हते.

बोटांनी तार छेडायच्या जागा लाकडावर सुरेख बसल्या. गाडी अडली ती शेवटच्या खर्जापाशी. काका तो एका गजात अकरा सेकंद धरत. जुन्या ध्वनिफितीवर तिने सतरा वेळा मोजलं. हात कुठेही डळमळला नव्हता. असा हात सरावाने येतो म्हणतात. सराव करणारे पुष्कळ असतात.

मरिंब्याची सगळ्यांत मोठी पट्टी सव्वातीन सेकंदांत गप्प व्हायची. मग उपाय एकच: दोन्ही हातांनी भरभर टोले. त्याची खूण म्हणून तिने स्वरलिपीच्या कागदावर त्या स्वराला पेन्सिलीने तीन तिरप्या रेघा मारल्या.

"शेवटी ती खडखड नको हं," काकू म्हणाली. "घरात सुतार आल्यासारखं वाटतं."

"लाकूड स्वर धरत नाही गं, काकू. मी तरी काय करू?"

"ह्यांना विचार."

दुसऱ्या दिवशी रेघा नव्हत्या. आपणच खोडल्या असतील, असं म्हणून तिने त्या शाईने मारल्या. शनिवारी कागद तिथे खरवडलेला होता, ब्लेडने, अगदी सफाईने. काका चुकलेले स्वर असेच काढत.

"काकू, तू हात लावलास?"

"मला चष्म्यातूनही धड दिसत नाही, मी कुठे ब्लेड धरू?"

खोलीत गजाला लावतात त्या राळेचा वास होता. खिडकी उघडली तरी तो गेला नाही.

रविवारी दुपारी काकू समोर बसली. पुतणीने रेकॉर्डर लावला आणि वाजवत वाजवत ती शेवटच्या ओळीवर आली. तिची नजर कागदावर होती. रेघा दिसल्या नाहीत, म्हणून लिहिलंय तेवढंच वाजवायच्या सवयीने तिने एकच टोला दिला आणि हात उचलले.

चूक लगेच ध्यानात आली. पण स्वर विझला नाही.

तो वाढला. वाढून तिथेच राहिला.

काकूने डोळे मिटले होते.

"अहो," ती हळूच म्हणाली, "पुरे आता. दमाल."

स्वर थांबला.

रेकॉर्डिंगमध्ये तो अकरा सेकंद होता. मोठ्या पट्टीच्या कडेवर पांढरी पूड होती. सोमवारी काकूला आत नेल्यावर पुतणी प्रयोगशाळेत गेली आणि तिने ती राळ काट्यावर ठेवली.

बेचाळीस मिलिग्रॅम.